प्लेऑफ आले की शिट्टी कुठे जाते? आइस हॉकीतल्या पंचगिरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही टोरांटोजवळ मिसिसागात राहतो. एप्रिल-मे आला की घरात भारतातून कुणी ना कुणी आलेलं असतं, कधी आई-बाबा, कधी सासू-सासरे. आणि नेमके त्याच दिवसांत नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, प्लेऑफ रंगात आलेले असतात. माझे सासरे नाशिकला बरीच वर्षं क्लब क्रिकेटमध्ये अंपायर म्हणून उभे राहिलेत. त्यामुळे सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचे सगळे प्रश्न पंचांबद्दल. "परवा याच गोष्टीला दोन मिनिटं दिली होती ना? मग आज का नाही?" ही पानभर उत्तरं त्यातूनच जमली. नंतर पाहुणे बदलले, प्रश्न तेच राहिले.

ही आपली हॉकी का?

नाही. खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी हिरवळीवरची, ही बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. अंगाने धडक देणं इथे कायदेशीर आहे. पंचगिरीतला सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण धडकेलाच मुभा असल्यावर कुठली धडक जास्त झाली हे कुणीतरी ठरवावं लागतं. शिक्षेची कल्पना मात्र ओळखीची आहे. आपल्या हॉकीत हिरवं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर बसतात, तसं इथे किरकोळ गुन्ह्याला दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये. तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी आणि समोरच्याला पॉवर प्ले. गंभीर गुन्ह्याला पाच मिनिटं. दोन मिनिटांच्या शिक्षेत गोल बसला की शिक्षा संपते. पाच मिनिटांच्या शिक्षेत कितीही गोल बसले तरी पूर्ण पाच मिनिटं भोगावी लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साखळी आणि प्लेऑफ यांत इतका काय फरक?

बत्तीस संघ ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकी 82 सामने खेळतात, म्हणजे एकूण 1312. हे साखळी सामने. त्यातून 16 संघ प्लेऑफमध्ये जातात. तिथे चार फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे जातो. स्टॅन्ली कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, हवा तर असे सोळा विजय मिळवावे लागतात, आणि समोर तोच तोच संघ दोन-दोन आठवडे. साखळीत मंगळवारी कोपर मारून गेलेला माणूस पुन्हा दोन महिन्यांनी भेटतो. प्लेऑफमध्ये गुरुवारीच भेटतो.

बर्फावर पंच किती असतात?

चार. दोन रेफरी आणि दोन लाइन्समन. ज्यांच्या दंडाला नारिंगी पट्टा असतो ते रेफरी. पेनल्टी मुख्यतः तेच देतात. लाइन्समन ऑफसाइड (पकाच्या आधी समोरच्याच्या हद्दीत शिरणं) आणि आयसिंग (मधल्या रेषेअलीकडून पक थेट पार समोरच्या टोकाला भिरकावणं) बघतात, आणि मारामारी झाली की मध्ये घुसून सोडवतात.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. रेफरीला गुन्हा दिसला की तो लगेच शिट्टी वाजवत नाही. नुसता हात वर करतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाकडे पक असेल तर खेळ चालू राहतो, त्यांचा गोलरक्षक धावत बाकाकडे येतो आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू बर्फावर उडी मारतो. गुन्हेगार संघाने पक ताब्यात घेतला की मग शिट्टी. म्हणून जाणकार प्रेक्षक धडक झाली की पकाकडे बघत नाहीत, रेफरीच्या खांद्याकडे बघतात. साखळीत तो हात झटकन वर जातो. मे महिन्यात तो कोपरापर्यंत येऊन परत खाली गेल्याचा भास मला अनेकदा झालाय.

प्लेऑफसाठी नियमपुस्तक वेगळं असतं का?

नाही, पुस्तक तेच असतं. ठळक फरक एकच, बरोबरी झाल्यानंतरचा. साखळीत पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळतात, तरी निकाल नाही लागला तर शूटआउट. प्लेऑफमध्ये शूटआउट नाहीच. वीस-वीस मिनिटांचे पूर्ण डाव, पाच विरुद्ध पाच, गोल बसेपर्यंत. 1936 साली डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांचा सामना असाच सहाव्या जादा डावापर्यंत लांबला होता. 116 मिनिटं 30 सेकंदांच्या जादा खेळानंतर डेट्रॉइटने एकमेव गोल केला.

मग "प्लेऑफमध्ये पंच शिट्टी खिशात घालतात" असं सगळे का म्हणतात?

कारण पुस्तकातले बरेचसे नियम पंचाच्या नजरेवर सोडलेले आहेत. स्टिकच्या आकड्याने समोरच्याला ओढणं म्हणजे हुकिंग, हाताने धरून ठेवणं म्हणजे होल्डिंग, ज्याच्याकडे पक नाही त्याची वाट अडवणं म्हणजे इंटरफिअरन्स. दर मिनिटाला यातलं काही ना काही घडत असतं. सगळंच दिलं तर खेळ पेनल्टी बॉक्समध्येच चालेल. म्हणून प्रत्येक रेफरी मनात एक रेघ आखतो आणि त्या रेघेपलीकडचं तेवढं देतो. लोकांचं म्हणणं असं की पुस्तक न बदलता एप्रिलमध्ये ही रेघ सरकते, आणि सामना बरोबरीत असेल, शेवटची पाच मिनिटं असतील, तर आणखी सरकते.

मला विचाराल तर हे म्हणणं बव्हंशी खरं आहे. त्यात पंचांचा कावा नाही, भीती आहे. सामन्याचा निकाल आपल्या शिट्टीने लागला असं कुणी म्हणू नये, ही भीती. सासऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "शेवटच्या ओव्हरला बोट वर करताना हात जड होतोच. अपील पहिल्या ओव्हरला आलं असतं तर मीही पटकन दिलं असतं."

पंच असा हिशोब करतात याला काही पुरावा आहे का?

एक प्रसंग सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि गंमत म्हणजे तो साखळीतला आहे. मार्च 2021 मध्ये नॅशव्हिल आणि डेट्रॉइट यांचा सामना चालू होता. रेफरी टिम पील यांचा माइक चालू राहिला आणि टीव्हीवर ऐकू आलं की नॅशव्हिलने फारसं काही केलं नव्हतं, पण पील यांना त्या संघाला लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती. दुसऱ्याच दिवशी लीगने जाहीर केलं की पील यापुढे एनएचएलच्या सामन्यात पंचगिरी करणार नाहीत. तसेही ते महिन्याभरात निवृत्त होणार होते.

खेळाडूंना यात नवल वाटलं नाही. सामना "सांभाळणं", म्हणजे इकडे एक दिली की तिकडे एक देऊन पारडं सारखं ठेवणं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. पील यांचं एवढंच झालं की ते ऐकू आलं.

म्हणजे प्लेऑफमध्ये पेनल्ट्या कमीच दिल्या जातात?

इथे चाहत्यांची समजूत जरा सुधारावी लागेल. पहिल्या फेरीत तर पुष्कळदा उलटंच दिसतं. 2022 च्या पहिल्या फेरीत इतक्या पेनल्ट्या दिल्या गेल्या की लोक शिट्ट्यांना वैतागले होते. पहिल्या फेरीत खेळाडू अंगावर धावून जातात, शिट्टीनंतरही ढकलाढकली करतात, आणि पंचही "हे आमच्यासमोर चालणार नाही" असा इशारा देऊन ठेवतात. पुढच्या फेऱ्यांत, विशेषतः तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, डावात आणि जादा वेळात, हात खाली राहू लागतो. शिवाय ढकलाढकली झाली की दोन्हीकडच्या एकेकाला आत पाठवायचं हा सोपा मार्ग पंचांकडे असतोच. त्याने पेनल्ट्यांचा आकडा फुगतो, पण पॉवर प्ले कुणालाच मिळत नाही. नुसता आकडा बघून फसू नका.

शिट्टी न वाजवणं म्हणजे दोघांनाही सारखंच ना? मग तक्रार कसली?

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उत्तर नाही असंच आहे.

एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड घ्या. बर्फावर त्याच्याइतका वेगवान माणूस नाही. त्याला रोखायचं तर हुक लावायचा, कमरेला धरायचं, वाटेत उभं राहायचं. 2021 च्या पहिल्या फेरीत विनिपेगने एडमंटनला 4-0 असं घरी पाठवलं आणि त्या चारही सामन्यांत मॅकडेव्हिडवर केलेल्या गुन्ह्यासाठी एकही पेनल्टी मिळाली नाही. आता चार सामने त्याला कुणी हातच लावला नाही, असं ज्याला वाटत असेल त्याला वाटो. हुकिंगकडे काणाडोळा केला की फायदा हुक लावणाऱ्याचा होतो, पळणाऱ्याचा नाही. म्हणजे न वाजलेली शिट्टीसुद्धा कुणाच्या तरी बाजूने वाजलेली असते.

लीगला हे ठाऊक नाही असं नाही. कामगार तंट्यामुळे 2004-05 चा अख्खा हंगाम वाया गेला, आणि 2005-06 मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा लीगने अडवाअडवीवर सक्तीने शिट्ट्या वाजवायला लावल्या. पहिले काही महिने पेनल्ट्यांचा पाऊस पडला. चपळ खेळाडूंना मोकळी जागा मिळाली, खेळ वेगवान झाला. पुढे हळूहळू रेघ पुन्हा सैल झाली, ती गोष्ट वेगळी.

कुठल्या पेनल्ट्या कधीही टळत नाहीत?

जिथे नजरेचा प्रश्नच नाही त्या. स्वतःच्या बचाव क्षेत्रातून पक थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला की दोन मिनिटं, चुकून गेला तरी. हा नियमही 2005 च्या बदलांतलाच. अंतिम सामन्याच्या जादा वेळातही तो दिला जातो, आणि कुणी पंचाला दोष देत नाही. स्टिक तोंडाला लागून रक्त आलं की चार मिनिटं, हेही जवळपास ठरलेलं.

सगळ्यात नाट्यमय उदाहरण 1993 च्या अंतिम फेरीचं. दुसऱ्या सामन्यात लॉस एंजलिस किंग्स 2-1 ने पुढे, दोनेक मिनिटंच उरलेली. माँट्रियलचे कोच जॅक डेमर्स यांनी किंग्सच्या मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजायची मागणी केली. पंचांनी मापपट्टी लावली. पात्याचा बाक जास्त निघाला. पेनल्टी झाली, माँट्रियलने बरोबरी केली, जादा वेळात सामना जिंकला आणि पुढे कपही. मोजणारे रेफरी होते केरी फ्रेझर.

केरी फ्रेझर हे नाव टोरांटोत काढायचं नाही म्हणतात, ते का?

काढा, पण जेवणाच्या आधी काढू नका. आमच्या शेजारी टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाचे कट्टर भक्त राहतात. तीस वर्षं उलटून गेली तरी त्यांचा आवाज चढतो.

त्याच 1993 च्या वसंतातली, म्हणजे स्टिक मोजली त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. उपांत्य मालिकेत लीफ्स 3-2 ने पुढे. सहावा सामना लॉस एंजलिसला, जादा वेळ चालू. किंग्सच्या वेन ग्रेट्झ्कीची स्टिक लीफ्सच्या डग गिल्मोरच्या हनुवटीला लागली आणि रक्त आलं. तेव्हा बर्फावर एकच रेफरी असायचा. फ्रेझर यांना ते दिसलं नाही. त्यांनी लाइन्समनना विचारलं. त्यांनीही दिसलं नाही म्हणून सांगितलं. पेनल्टी नाही. थोड्याच वेळात ग्रेट्झ्कीने गोल करून सामना जिंकला. पेनल्टी झाली असती तर तेव्हा तो बर्फावर नसता. सातव्या सामन्यात त्याने तीन गोल ठोकले आणि लीफ्स संपले. चूक झाल्याचं फ्रेझर यांनी पुढे स्वतः कबूल केलं.

फ्रेझर यांनी शिट्टी खिशात घातली होती, असं मला वाटत नाही. न दिसणं आणि दिसूनही न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्यांना मात्र हे पटत नाही.

मग व्हिडिओ कशाला असतो?

व्हिडिओचे बरेचसे नियम प्लेऑफमधल्या चुकांच्या राखेतूनच उगवलेत. त्यातला 2019 चा वसंत म्हणजे कहर होता.

पहिली फेरी, सातवा सामना, सॅन होजे. वेगास 3-0 ने पुढे, तिसरा डाव निम्म्यावर आलेला. वेगासच्या कोडी ईकिनने सॅन होजेचा कर्णधार जो पॅव्हेल्स्की याला स्टिक आडवी धरून छातीवर ढकललं. ढकलणं काही फार भारी नव्हतं, पण तोल जाऊन तो दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचं डोकं बर्फावर आपटलं. रक्त दिसलं. पंचांनी पाच मिनिटांची पेनल्टी दिली. वर सांगितलेलं आठवा: पाच मिनिटांच्या शिक्षेत कितीही गोल चालतात. सॅन होजेने चार मिनिटं एका सेकंदात चार गोल केले. वेगासने कशीबशी बरोबरी साधली, पण जादा वेळात 5-4 ने हरून ते घरी गेले. लीगने वेगासची माफी मागितली. त्या सामन्याचे दोन्ही रेफरी पुढच्या फेरीत दिसले नाहीत.

दोन फेऱ्यांनंतर तेच सॅन होजे, समोर सेंट लुइस, तिसरा सामना, जादा वेळ. टिमो मायरने पक हाताने ढकलला आणि त्यातून एरिक कार्लसनने विजयी गोल केला. हाताने दिलेला पास तिथे नियमबाह्य होता. स्टेडियममधल्या हजारो लोकांना ते दिसलं, चौघा पंचांना दिसलं नाही, आणि तेव्हाच्या नियमांनुसार व्हिडिओ बघताही येत नव्हता. सेंट लुइसचं नशीब बलवत्तर, ते ती मालिका आणि पुढे कपही जिंकले. पण अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात त्यांच्याच टायलर बोझॅकने बॉस्टनच्या नोएल अचारीला पाडलं, शिट्टी वाजली नाही, आणि त्याच धावपळीत सेंट लुइसचा दुसरा गोल झाला. सामना 2-1 असा संपला. तेव्हा बोंब मारायची पाळी बॉस्टनची.

पुढच्या हंगामापासून मारामारीखेरीज प्रत्येक पाच मिनिटांची पेनल्टी रेफरी व्हिडिओवर तपासून बघू लागले, आणि गोलाआधी हाताने पास दिला असेल तर त्यालाही आव्हान देता येऊ लागलं. बोझॅकसारख्या पाडापाडीला अजूनही व्हिडिओ लागू नाही. तो नजरेचा प्रांत, तिथे रेफरीचाच शब्द शेवटचा.

कोचने आव्हान दिलं आणि ते फसलं तर?

दोन मिनिटांची पेनल्टी. पुन्हा फसलं तर चार. डीआरएससारखा एखादा रिव्ह्यू वाया गेला म्हणून सोडून देता येत नाही, इथे संघ एका माणसाने कमी होतो. ऑफसाइड, गोलरक्षकाला अडथळा, गोलाआधी थांबायला हवा होता असा खेळ, यांवर आव्हान देता येतं. 2024-25 पासून काचेवरून गेलेल्या पकाच्या पेनल्टीवरही. शेवटच्या मिनिटात आणि जादा वेळात मात्र कोचने काही मागायचं नसतं, लीगची माणसं स्वतःहून तपासतात.

गोलरक्षकाला अडथळा हे प्रकरण सर्वांत निसरडं. मे 2024 मध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटने बॉस्टनच्या चार्ली कॉइलला त्याच्याच गोलरक्षकावर ढकललं आणि मोकळ्या जागेत गोल केला. बॉस्टनने आव्हान दिलं. गोल कायम राहिला. मी तो प्रसंग निदान दहा वेळा पाहिला असेल. दरवेळी माझं मत वेगळं होतं.

जास्त माणसं बर्फावर असताना गोल झाला, असं खरंच घडलंय?

जून 2022, अंतिम फेरीचा चौथा सामना, टँपा. जादा वेळात कोलोरॅडोच्या नाझेम काद्रीने फटका मारला आणि पक दिसेनासाच झाला. गोलरक्षक वळून बघतोय, खेळाडू एकमेकांकडे बघतायत. पक जाळ्याच्या वरच्या भागात अडकला होता. गोल! नंतर व्हिडिओत दिसलं की काद्री आत आला तेव्हा ज्याच्या बदली तो आला तो खेळाडू अजून बाकापासून बराच लांब होता. नियमाप्रमाणे बाहेर जाणारा बाकापासून पाच फुटांच्या आत हवा. पण खेळाडूंची ही अदलाबदल सतत चालू असते, पंच थोडं इकडेतिकडे चालवून घेतात, आणि व्हिडिओवर ते तपासता येत नाही. टँपाचे कोच जॉन कूपर पत्रकार परिषदेत गहिवरले; अजून सामना चालू असायला हवा होता अशा अर्थाचं काहीतरी बोलून उठून गेले. चार दिवसांनी कोलोरॅडोने कप उचलला.

प्लेऑफसाठी पंच कसे निवडतात?

हंगामातल्या कामगिरीवर लीग निवड करते, आणि संघ गळतात तसे पंचही गळतात. दर फेरीत यादी लहान होत जाते. अंतिम फेरीपर्यंत मोजकेच उरतात. त्यामुळे पुढच्या फेरीत आपलं नाव असेल का, ही धाकधूक पंचालाही असते. हात जड होण्यामागे हेही कारण असावं असा माझा तर्क आहे.

निलंबनाचं काय?

ते पंच ठरवत नाहीत, लीगचा खेळाडू-सुरक्षा विभाग ठरवतो. प्लेऑफमधला एक सामना साखळीतल्या अनेकांच्या बरोबरीचा धरतात. वर ज्याचं नाव आलं त्याच काद्रीला 2021 मध्ये डोक्यावर मारलेल्या धडकेबद्दल आठ सामने मिळाले होते. ते भोगून संपतात तोवर त्याचा संघही बाहेर पडला. एक मजेशीर भाग: खेळाडूंचा पगार साखळीपुरता असतो, म्हणून प्लेऑफमधल्या निलंबनात पगार कापला जात नाही. बाहेर बसून मालिका बघावी लागते, तीच शिक्षा.

आणि मारामाऱ्या?

प्लेऑफमध्ये कमी होतात. पाच मिनिटं आत बसणं कुणालाच परवडत नाही.

भारतात परतल्यावर सामने किती वाजता दिसतील?

टोरांटोचा संध्याकाळी सातचा सामना म्हणजे तिकडे पहाटे साडेचार. सासरे गजर लावून उठतात, चहा टाकतात आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून बघतात. समालोचन नसलं तरी त्यांचं अडत नाही, रेफरीचा हात दिसला की झालं. गेल्या मे महिन्यात एक सामना जादा वेळात लांबला आणि दूधवाल्याने बेल वाजवली. तो म्हणे दारातूनच टीव्हीकडे बघत विचारत होता, "काका, ही हॉकी बर्फावर का खेळतात?" सासऱ्यांनी त्याला आत बोलावलं, आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीला दूध अर्धा तास उशिरा मिळालं.